डहाणूची राखण

19 सप्टेंबर 1998 रोजी डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने एक निर्णय दिला. वाढवण गावासमोरच्या समुद्रात ब्रिटिश पी अँड ओ समूहाच्या ऑस्ट्रेलियातील कंपनीला अवाढव्य बंदर उभारायचे होते. महाराष्ट्र सरकारला ते हवे होते, परदेशी भांडवल तयार होते आणि देशभर उदारीकरणाचे वारे होते. प्राधिकरणाने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि सांगितले, की या तालुक्यात असे बंदर अजिबात अनुज्ञेय नाही, म्हणून ते बेकायदा ठरेल. कंपनीने गाशा गुंडाळला.

31 जुलै 2023 रोजी त्याच प्राधिकरणाने त्याच वाढवणच्या समुद्रात, कितीतरी मोठ्या बंदराला अटी घालून ना हरकत दिली.

गाव तेच आणि किनाराही तोच. तालुक्याला संरक्षण देणारी 1991 ची अधिसूचनाही रद्द झालेली नव्हती. तरी एकाच संस्थेने पंचवीस वर्षांच्या अंतराने दोन उलट उत्तरे दिली. हे कसे घडले हे समजून घ्यायचे तर डहाणूची गोष्ट सुरुवातीपासून सांगायला हवी.

चिकू, कोळी आणि वारली

मुंबईहून गुजरातकडे जाणाऱ्या पश्चिम रेल्वेवर सुमारे सव्वाशे किलोमीटरवर डहाणू रोड स्टेशन लागते. पूर्वी हा तालुका ठाणे जिल्ह्यात होता. 1 ऑगस्ट 2014 पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. पश्चिमेला समुद्र आणि खाड्या, मध्ये बागायतीचा पट्टा, पूर्वेला जंगल आणि डोंगर. गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून इराणी आणि पारशी कुटुंबांनी येथे चिकूच्या वाड्या वसवल्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. किनाऱ्यावर मांगेला आणि इतर मच्छीमार समाज. पापलेट, घोळ, बोंबील देणारा हा समुद्र मच्छीमार ‘गोल्डन बेल्ट’ म्हणून ओळखतात. वाढवण, वरोर, चिंचणी या गावांत घरोघरी दागिन्यांसाठी डाय कोरणारे कारागीर आहेत. पूर्वेच्या पाड्यांवर वारली. तालुक्यात बहुसंख्या आदिवासींचीच आहे. जिव्या सोमा मशे यांनी ज्या गंजाड गावातून वारली चित्रकला जगभर पोहोचवली, ते याच तालुक्यातले. 1945 मध्ये गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी जो उठाव केला, तोही याच परिसरात पेटला होता. संघर्ष इथल्या माणसांना नवा नव्हता.

आजूबाजूला मात्र उद्योगांचा वेढा पडत होता. दक्षिणेला तारापूर येथे 1969 मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले आणि जवळच रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत फोफावली. उत्तरेला गुजरातच्या हद्दीत वापी होते. समुद्रात 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकाम करणाऱ्या रिगने मुंबई हायचे तेल शोधले आणि त्यानंतर अरबी समुद्राच्या या भागात विहिरी, फलाट आणि वाहिन्या वाढत गेल्या. तेलासाठी सर्वेक्षण करणारी जहाजे आली, की मच्छीमारांना जाळी काढून घ्यावी लागत, दूर राहावे लागे. जमिनीवरून रसायने आणि समुद्रातून तेल, अशा कात्रीत हा किनारा सापडत चालला होता.

पाचशे मेगावॅट

ठिणगी पडली ती विजेवरून. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या बीएसईएस कंपनीने डहाणूच्या खाडीकाठी कोळशावर चालणारे 500 मेगावॅटचे केंद्र योजले. प्रत्येकी अडीचशे मेगावॅटचे दोन संच. कोळसा मध्य भारतातून रेल्वेने येणार, थंड करण्यासाठी पाणी खाडीचे आणि वीज मुंबईला. 1989 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मंजुरी दिली.

राख चिकूच्या मोहोरावर बसेल, गरम पाण्याने खाडीतली मासळी जाईल, गंधकाचा धूर सगळ्यांच्याच छातीत जाईल, ही भीती होती. नर्गिस इराणी यांच्यासारखे स्थानिक रहिवासी पुढे आले. डहाणू तालुका एन्व्हायर्न्मेंट प्रोटेक्शन ग्रुप आणि डहाणू परिसर बचाव समिती यांनी न्यायालयाचे दार ठोठावले; मुंबईची बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुप ही संस्थाही या लढ्यात होती. उच्च न्यायालयात ते हरले. 19 मार्च 1991 रोजी सर्वोच्च न्यायालयातही हरले. सरकारने सर्व बाजूंचा विचार केला आहे की नाही एवढेच आम्ही पाहणार, सरकारच्या जागी बसून निर्णय घेणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती.

पण त्या निकालात एक धागा शिल्लक राहिला. धुरातील सल्फर डायऑक्साइड काढून टाकणारी यंत्रणा, म्हणजे एफजीडी, बसवण्याची अट परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय शिथिल करू नये, असे न्यायालयाने बजावले. हरलेल्या खटल्यातली ही ओळ डहाणूकरांनी जपून ठेवली. पुढे ती फार उपयोगी पडली.

तीन महिन्यांनी

20 जून 1991 रोजी केंद्र सरकारने संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. ज्या तालुक्यात कोळशाच्या केंद्राला मार्चमध्ये हिरवा कंदील मिळाला, त्याच तालुक्याला जूनमध्ये कवच मिळाले! या विसंगतीत त्या काळातले दिल्लीचे मनही दिसते. 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर 1986 मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला होता. त्याचा आधार घेऊन 1989 मध्ये मुरुड-जंजिरा आणि डून खोरे यांना संरक्षण मिळाले आणि त्यानंतर क्रम लागला डहाणूचा. फेब्रुवारी 1991 मध्ये देशाच्या किनारपट्टीसाठी सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राची, अधिसूचनाही निघाली होती.

डहाणूची अधिसूचना कडक होती. उद्योगांची लाल, नारिंगी आणि हिरवी अशी वर्गवारी झाली. घातक लाल उद्योगांना बंदी. परवानगी मिळेल त्या उद्योगांसाठी सगळ्या तालुक्यात मिळून जास्तीत जास्त 500 एकर जागा. तालुक्याभोवती 25 किलोमीटरचा पट्टा उद्योगमुक्त ठेवायचा. राज्य सरकारने वर्षभरात विकास आराखडा करायचा.

जगात बहुतेक ठिकाणी आधी नुकसान होते आणि कायदा मागून येतो. 28 जानेवारी 1969 रोजी कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या समुद्रात युनियन ऑइलची तेलविहीर फुटली, किनारा काळा झाला, तेलाने माखलेले पक्षी लोकांनी टीव्हीवर पाहिले, तेव्हा कुठे अमेरिकेत पर्यावरणाचा मोठा राष्ट्रीय कायदा झाला. भोपाळचेही तसेच. डहाणूत मात्र नासाडी होण्याआधी सरकारने संरक्षण लिहून दिले होते. भारतात ही दुर्मीळ गोष्ट होती.

लिहून दिले, पण राबवले नाही. आराखडा रखडला. नियम मोडून कामे होत राहिली. इकडे औष्णिक केंद्र उभे राहत होते आणि 1995-96 मध्ये त्याचे संच सुरू झाले. अधिसूचना मुंबई आणि दिल्लीच्या फायलींत होती. डहाणूत ती पाळली जाते का हे पाहायला कोणी नव्हते.

एक निवृत्त न्यायाधीश

1994 मध्ये ‘सँक्च्युअरी’ मासिकाचे संपादक बिट्टू सेहगल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मागणी साधी होती : सरकारने स्वतः काढलेली अधिसूचना सरकारने पाळावी. न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडून अहवाल मागवला. 31 ऑक्टोबर 1996 रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने नीरीच्या शिफारशी अमलात आणण्याचा आदेश दिला आणि एक पाऊल पुढे टाकले. उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली, तज्ज्ञांना सोबत घेऊन केंद्राने एक वैधानिक प्राधिकरण नेमावे, असे सांगितले. 19 डिसेंबर 1996 रोजी ते स्थापन झाले.

अध्यक्ष झाले न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. सर्वोदयी विचारवंत दादा धर्माधिकारी यांचे हे पुत्र. वर्ध्याच्या गांधीवादी वातावरणात वाढलेले आणि मुंबई उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले. प्राधिकरणाची माणसे थोडी आणि साधने तुटपुंजी होती. पण बैठकांना लोकांना येता येत होते. मच्छीमार, बागायतदार, आदिवासी संघटनांचे कार्यकर्ते, कंपन्यांचे अधिकारी आणि सरकारी खाती एकाच खोलीत समोरासमोर बसत. कंपनी एक आकडा सांगे, त्याच खोलीत बसलेला गावकरी त्याला हरकत घेई. वकील लावायची ऐपत नसलेल्यालाही म्हणणे मांडता येई. वीजवाहिन्या, गॅसवाहिन्या, रस्ते, रेल्वे असे प्रकल्प परवानगीसाठी येत. किती झाडे जाणार, बदल्यात किती लावणार, लावलेली जगली का, हे विचारले जाई आणि पुढच्या बैठकीत पुन्हा विचारले जाई.

नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारे नसतात आणि 2011 मध्ये तेथे युको बँकेनेही कुलुपाशिवाय शाखा उघडली. राखण करणारा आहे, ही श्रद्धा तेथे कुलपाचे काम करते. डहाणूचे प्राधिकरणही राखणदारच होते. फरक एवढा, की हा राखणदार सरकारने नेमायचा, सरकारने पोसायचा आणि प्रसंगी त्याने सरकारलाच अडवायचे होते.

धुराचा हिशेब

राखणदाराची पहिली मोठी कसोटी म्हणजे वाढवण बंदर. ती 1998 मध्ये लागली आणि निकाल काय लागला हे वर आलेच आहे. बंदराला विरोध करण्यासाठी मच्छीमार, बागायतदार आणि कष्टकरी संघटनेसारख्या आदिवासी संघटना एकत्र आल्या होत्या. एरवी मालक आणि मजूर म्हणून समोरासमोर उभी राहणारी माणसे या एका प्रश्नावर एका बाजूला होती.

दुसरी कसोटी औष्णिक केंद्राची. 1991 च्या निकालातली ती एफजीडीची ओळ आता बाहेर निघाली. 12 मे 1999 रोजी प्राधिकरणाने कंपनीला आदेश दिला : सहा महिन्यांत यंत्रणा बसवा. कंपनीचे म्हणणे असे, की आमच्या कोळशात गंधक कमी आहे, त्यामुळे एवढ्या खर्चाची गरज नाही. सहा महिन्यांची वर्षे झाली. न्यायालयाच्या फेऱ्या झाल्या. दरम्यान बीएसईएस रिलायन्सच्या ताब्यात गेली, कंपनीचे नाव बदलले. प्राधिकरणाने विषय सोडला नाही. 2005 मध्ये त्याने 300 कोटी रुपयांची बँक हमी देण्याचा आदेश काढला. यंत्रणा बसवण्यापेक्षा न बसवणे महाग पडेल अशी वेळ आली, तेव्हा काम हलले. 2007 मध्ये डहाणूची एफजीडी सुरू झाली. समुद्राचे पाणी मुळातच अल्कधर्मी असते. चिमणीकडे जाणारा धूर त्या पाण्याने धुतला, की सल्फर डायऑक्साइड त्यात विरघळतो, अशी तिची रचना.

हे किती आधी घडले ते पाहा. देशातील सर्व औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा केंद्राने ठरवली डिसेंबर 2015 मध्ये. मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै 2025 मध्ये बहुसंख्य केंद्रांना एफजीडीच्या सक्तीतून सूट देण्यात आली. एका तालुक्याच्या प्राधिकरणाने आठ वर्षांत जे करून घेतले, ते देशभराच्या नियमाला जमले नाही. नियम डहाणूत अधिक कडक होता म्हणून हे घडले असे म्हणता येणार नाही. इथे दर बैठकीत ‘काय झाले?’ असे विचारणारे कोणी तरी होते.

दुसरी बाजू

हे कवच सगळ्यांनाच आवडत होते असे नाही. स्थानिक उद्योजक आणि राजकीय पुढारी अधिसूचनेविरुद्ध सतत बोलत आले. त्यांचा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. चिकूच्या वाड्या थोड्यांच्या. त्या वाड्यांत राबणारा वारली भूमिहीन किंवा अल्पभूधारक. कारखाने येऊ दिले नाहीत तर त्याच्या मुलांनी करायचे काय? पावसाळा संपला, की हजारो आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बोईसर आणि वापीच्या कारखान्यांत, मुंबईच्या बांधकामांवर जातात. पर्यावरणाच्या नावाखाली बागायतदारांनी आपली हवा शुद्ध ठेवली आणि गरिबाचा रोजगार अडवला, असा हा आरोप.

त्याचे उत्तर तारापूरने दिले. तिथे रोजगार आला, त्याचबरोबर रासायनिक सांडपाणी नाल्यांतून खाड्यांत आणि समुद्रात गेले. मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घ्यावी लागली आणि लवादाने तिथल्या कारखान्यांना भरपाईचे आदेश दिले. कारखाना आला म्हणून तारापूरच्या मच्छीमाराची मुले सुखी झाली नाहीत. बापाचा धंदा मात्र गेला. पण आरोपाचा अर्धा भाग खरा राहतोच. अधिसूचनेने काय करू नये हे सांगितले. मासळीवर प्रक्रिया, फळप्रक्रिया, वनोपज, पर्यटन, डाय कोरण्यासारखे कारागिरीचे उद्योग यांतून आदिवासी आणि मच्छीमारांच्या हाती पैसा कसा जाईल, याची योजना सरकारने मनावर घेतली नाही. ती घेतली असती तर विरोधकांच्या हातातले हत्यार बोथट झाले असते.

केंद्रालाही प्राधिकरण जड वाटू लागले होते. 2002 मध्ये ते गुंडाळण्यासाठी मंत्रालयाने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. तेव्हा ते वाचले.

बंदर परत आले

5 जून 2015 रोजी, म्हणजे जागतिक पर्यावरणदिनीच, जवाहरलाल नेहरू बंदर आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांच्यात वाढवण बंदरासाठी सामंजस्य करार झाला. पहिल्याचा वाटा 74 टक्के, दुसऱ्याचा 26. किनाऱ्याजवळ मिळणारी खोली हे वाढवणचे आकर्षण. जगातली सगळ्यात मोठी कंटेनर जहाजे तेथे लागू शकतील. गावांत पुन्हा ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा घुमली. होड्यांवर काळे झेंडे लागले, बंद पाळले गेले, मोर्चे निघाले.

3 जानेवारी 2019 रोजी न्यायमूर्ती धर्माधिकारी वारले. बावीस वर्षे ते अध्यक्ष होते आणि त्यांच्यानंतर कोण, याची तजवीज कुठल्याच नियमात नव्हती. प्राधिकरण अध्यक्षाविना पडून राहिले. फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बंदराला तत्त्वतः मान्यता दिली, तेव्हा खर्चाचा अंदाज 65 हजार 544 कोटींचा होता. एप्रिल 2020 मध्ये, देश टाळेबंदीत असताना, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरे आणि जेट्टी यांना उद्योगांच्या लाल वर्गातून काढून ‘बिगर औद्योगिक’ ठरवले. 1991 च्या अधिसूचनेतील बंदीची धार यामुळे गेली. अधिसूचनेला हात लावायची गरजच उरली नाही. बंदर हा उद्योग नाही असे एकदा ठरले, की उद्योगबंदी त्याला लागत नाही.

पुढे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती तरुण अग्रवाला यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नव्याने उभे राहिले आणि 31 जुलै 2023 रोजी त्याने ना हरकत दिली. 19 जानेवारी 2024 रोजी जनसुनावणी झाली, फेब्रुवारीत पर्यावरण मंजुरी मिळाली, एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या. 19 जून 2024 रोजी मंत्रिमंडळाने 76 हजार 220 कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. समुद्रात 1,448 हेक्टर भराव, नऊ कंटेनर टर्मिनल, वर्षाला 298 दशलक्ष टन क्षमता. बंदरामुळे बारा लाख रोजगार येतील, असे सरकार सांगते. मच्छीमार विचारतात, की माशांची वीण जिथे होते तिथेच भराव पडला तर आमच्या धंद्याचे काय. हा प्रश्न घेऊन ते सर्वोच्च न्यायालयात गेले आहेत.

काय शिकायचे

डहाणूचा लढा हरला असे म्हणणे घाईचे होईल. 1998 ते 2023 ही पंचवीस वर्षे त्या किनाऱ्यावर बंदर आले नाही, तालुक्याचे तारापूर झाले नाही आणि औष्णिक केंद्राला धूर धुवावा लागला. मुंबईच्या इतक्या जवळ, मुख्य रेल्वेमार्गावरच्या तालुक्यासाठी ही मोठी कमाई आहे.

पण जे टिकवले ते अधिसूचनेने एकटीने टिकवले नव्हते. 1991 ते 1996 या पाच वर्षांत तीच अधिसूचना अस्तित्वात होती आणि निष्प्रभ होती. 1996 नंतर ती जिवंत झाली, कारण तिच्यामागे एक संस्था बसली, त्या संस्थेपुढे लोक जात राहिले आणि तिचा अध्यक्ष कोणाचा मिंधा नव्हता. ही तिसरी गोष्ट एका माणसाच्या स्वभावावर अवलंबून राहिली, हे या प्रयोगाचे दुबळेपण. अध्यक्ष कसा निवडायचा, किती काळासाठी, पैसा कुठून, लोकांचे प्रतिनिधी किती, यातले काहीच कायद्यात पक्के केले गेले नाही. माणूस गेला आणि संस्था सरकारच्या हाती आली.

आज सह्याद्रीतल्या गावांत पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यांवर वाद चालू आहेत. 2014 पासून मसुदे निघत आहेत आणि लांबत आहेत. अशा क्षेत्राची मागणी करणाऱ्यांनी आणि त्याला विरोध करणाऱ्यांनीही डहाणूचा इतिहास वाचावा. नकाशावरच्या रेषेबरोबर ती रेषा राखणारी, ठरलेल्या मुदतीची, स्वतंत्र पैशाची आणि गावकऱ्यांना जाब देणारी संस्था मागावी. आणि जे थांबवले जाईल त्याच्या बदल्यात तिथल्या माणसाला काय मिळेल, तेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.